लेदर सीट आणि सोलापूरचं ऊन: पहिल्यांदाच सफाईला बसणाऱ्यांसाठी

नवी गाडी दारात येते, पूजा होते, पेढे वाटून होतात, आणि सीटांवरचं शोरूमचं प्लास्टिक मात्र दिवाळीपर्यंत तसंच राहतं. "असू दे की, सीटा मळायला नकोत." हेतू चांगला, परिणाम उलटा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो, कधीकधी ४३-४४ ला टेकतो. तशा उन्हात उभ्या केलेल्या गाडीची केबिन ६० अंशांच्या पुढे सहज तापते. प्लास्टिकखाली दमटपणा कोंडतो, कडेनं शिरलेली धूळ आत अडकते आणि बसणाऱ्याच्या वजनानं सीटवरच घासली जाते. तेव्हा पहिलं काम फुकटातलं आहे: ते प्लास्टिक आजच काढून टाका.

त्यानंतर सल्ले सुरू होतात. शेजारचे काका खोबरेल तेल सांगतात, मेहुणा शांपू सांगतो, वॉशिंग सेंटरवाला न विचारताच स्पंजनं काहीतरी चकचकीत फासून देतो आणि गाडीत बसलं की पँट घसरते. माझं मत आधीच सांगून ठेवतो. कंडिशनर, म्हणजे लेदरला चोळायचं क्रीम, लावला नाही म्हणून सीट खराब झाली, असं फार क्वचित होतं. सीटा जातात त्या साचलेल्या मळानं, उन्हानं आणि चुकीच्या साबणानं. म्हणून इथं सफाईवर जास्त लिहिलंय आणि कंडिशनरवर कमी. दुकानदाराचा हिशेब बरोबर उलटा असतो, कारण महाग बाटली कंडिशनरची.

आधी ओळखा: लेदर आहे की लेदरेट

मधल्या किमतीच्या बहुतेक गाड्यांत ज्याला आपण लेदर म्हणतो ते असतं लेदरेट, म्हणजे कापडाच्या थरावर पीव्हीसी किंवा पीयू (दोन्ही प्लास्टिकच्याच जाती) चढवलेलं. गाडीच्या माहितीपत्रकात किंवा सोबतच्या पुस्तकात हे लिहिलेलं असतं, ते वाचा. बाहेरून शिवून घेतलेली सीट कव्हरं तर जवळपास सगळी आर्ट लेदरची. त्यावर 'नप्पा' (मऊ, उंची लेदरचं नाव) असं छापलेलं असलं तरी हुरळून जाऊ नका. आणि गाडीत अस्सल लेदर असलं तरी ते बरेचदा फक्त जिथं पाठ आणि मांडी टेकते तेवढ्या भागात असतं. सीटच्या बाजू, मागची पाठ, दाराचे पॅनल हे सगळं रेक्झिनच्याच जातीचं.

पुस्तक हरवलं असेल तर सीटच्या खालच्या बाजूला हात घाला, एखादी कापलेली कडा सापडते का बघा. कडेला मखमलीसारखे बारीक तंतू दिसले तर लेदर, विणलेलं कापड दिसलं तर लेदरेट. दुसरी खूण म्हणजे अंगठ्यानं दाबून बघणं. लेदरवर अंगठ्याभोवती बारीक सुरकुत्या पसरतात, लेदरेट नुसतं खाली दबतं. काडी पेटवून वास घ्यायचा एक जुना सल्ला फिरत असतो. आपल्या गाडीच्या सीटला काडी लावणाऱ्याला मी काय सांगणार!

अस्सल लेदर निघालं तर आणखी एक गोष्ट तपासायची. सीटच्या मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब वर मोत्यासारखा उभा राहिला तर लेदरवर रंगाचा आणि त्यावर पारदर्शक संरक्षक थर आहे. गाड्यांमधलं बहुतेक लेदर असंच असतं आणि पुढं सांगितलेली पद्धत त्याला बिनधास्त चालते. थेंब लगेच मुरून तिथं काळपट डाग दिसला तर ते उघडं लेदर, महागड्या गाड्यांतलं. ते घरी ओलं करायच्या भानगडीत पडू नका. त्याच जातीच्या लेदरसाठी बनवलेलं क्लीनर आणा, नाहीतर जाणकाराकडं द्या.

ही ओळख करून घ्यायची ती एवढ्यासाठी की लेदरेटला कंडिशनर पाजून काही उपयोग नसतो. ते पितच नाही. पीव्हीसीमध्ये त्याला मऊ ठेवणारं एक द्रव्य मिसळलेलं असतं. उन्हानं ते हळूहळू बाहेर पडतं आणि मटेरियल कडक होत जातं. समोरच्या काचेला आतून जो तेलकट धुरकट थर येतो, त्यातही याचा वाटा असतो. पीयूचं दुखणं वेगळं. घाम आणि दमटपणानं त्याचा वरचा थर पोपडे येऊन सुटतो. दोन्हींवर उपाय एकच, ऊन आणि घाम यांच्यापासून जपणं.

सामान

घरचा व्हॅक्यूम क्लीनर, ब्रशचं तोंड लावून. मऊ केसांचा एक छोटा ब्रश. मायक्रोफायबरची चार-पाच फडकी, त्यातलं एक तरी पांढरं हवं. पांढरं कशाला, ते पुढं कळेल. लेदरसाठीच बनवलेलं, पाण्यात मिसळणारं क्लीनर. आणि अर्धी बादली पाणी.

पाण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथं बरेच जण फसतात. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे गाडी धुवायची म्हटली की बोअरची मोटर सुरू होते. बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. गडद रंगाच्या सीटवर असा थेंब वाळला की पांढरी कड उमटते आणि शिलाईच्या दोऱ्यात तर पीठ सांडल्यासारखं दिसतं. सीटांना पाणी लागतं ते दोन-तीन लिटर. तेवढ्यापुरतं पिण्याच्या जारचं किंवा घरच्या आरओचं पाणी वापरा. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर तर उत्तमच. फक्त बाटलीवर 'डिस्टिल्ड वॉटर' लिहिलंय हे वाचून घ्या, त्याच दुकानात ॲसिडही असतं.

फडक्यांच्या बाबतीत सोलापूरकर नशीबवान. आपल्या चादरीसारखंच इथल्या टेरी टॉवेललाही जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन आहे, आणि घराघरात जुने टॉवेल ढीगभर. बरेच धुणे होऊन मऊ पडलेला टॉवेल शेवटी कोरडं पुसायला झकास. मळ उचलायचं काम मात्र मायक्रोफायबरच नीट करतं. उन्हात वाळून पापडासारखा कडक झालेला टॉवेल सीटवर आणूच नका.

हळदीची परीक्षा

कमावलेलं लेदर किंचित आम्लधर्मी असतं. कपड्यांची पावडर, अंगाचा साबण, फरशीचं लिक्विड, खायचा सोडा हे सगळे अल्कधर्मी. ते वारंवार लागले की वरचा थर निस्तेज होतो आणि खालचं लेदर कडक पडतं. पण बाटलीवर 'माइल्ड' लिहिलेलं असतं, 'सर्व पृष्ठभागांसाठी' लिहिलेलं असतं. मग कळायचं कसं?

स्वयंपाकघरातून चिमूटभर हळद आणा. पांढऱ्या बशीत दोन चमचे पाण्यात कालवा. सीटला जेवढं पातळ करून लावणार आहात तेवढं क्लीनर पातळ करून त्याचे चार-पाच थेंब त्यात टाका. पिवळा रंग पिवळाच राहिला तर ठीक. लालसर किंवा विटकरी झाला तर ते द्रावण अल्कधर्मी, ते बाथरूमसाठी ठेवा. हळदीला चुना लावून कुंकू करतात, त्यातलंच हे रसायन. मुलांना बोलावून दाखवा. साबणाचं पाणी टाकल्यावर बशी क्षणात लाल होते तेव्हा त्यांना मजा वाटते, आणि सीटवर साबण का नको हे आपल्यालाही पुन्हा सांगावं लागत नाही.

या परीक्षेची मर्यादाही ऐकून ठेवा. हळद फक्त अल्क ओळखते. थिनर, स्पिरिट, ॲसिटोन, पेट्रोल यांनी बशीचा रंग बदलणार नाही, पण सीटचा नक्की बदलेल. म्हणून हळदीत पास झालेलं क्लीनरही आधी सीटच्या खालच्या कोपऱ्यात लावून, पुसून, वाळल्यावर बघायचं. मगच पुढं.

वेळ आणि जागा

उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत, नाहीतर सूर्य कलल्यावर. सीटवर तळहात ठेवा. गरम लागली तर थांबा, कारण तापलेल्या सीटवर फेस पुसायच्या आत वाळतो आणि मळासकट तिथंच चिकटतो. गाडी सावलीत, चारही दारं उघडी. एसी लावून आतली हवा गार केली तरी चालेल, पण सीट स्वतः गार व्हायला वेळ घेते.

आता कामाला

पहिल्यांदा फक्त कोरडं काम. सीट पूर्ण मागं, मग पूर्ण पुढं सरकवून खालचं सगळं काढा. बैठक आणि पाठ यांच्यामधली फट दोन बोटांनी उघडून धरा आणि व्हॅक्यूमचं अरुंद तोंड आत घाला. शेंगदाण्याची टरफलं, बिस्किटाचा चुरा, चुरमुरे, एखादं नाणं, सगळं तिथं निघतं. या पायरीला कंटाळू नका. आपल्याकडची धूळ म्हणजे काळ्या मातीची आणि बारीक खड्यांची. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेहून परतताना होम मैदानाची निम्मी धूळ तर आपणच गाडीत घालून आणतो. ती काढल्याशिवाय ओलं फडकं फिरवलं तर सीटला पॉलिश पेपर मारल्याचाच परिणाम होतो. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर त्यांना हात लावू नका, ते एअरबॅगचे. ओढाताण झाली की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि मग सर्व्हिस सेंटरची वारी.

आता ओलं काम. एका वेळी एकच तुकडा घ्यायचा: बैठकीचा मधला भाग, मग डावी कड, मग उजवी. क्लीनर सीटवर फवारायचं नाही, ब्रशवर घ्यायचं. ब्रश फेसाळला की हलक्या हातानं लहान लहान गोल फिरवा. जोर ब्रशला लावायचा नाही, वेळ द्यायचा. सीट गुळगुळीत दिसत असली तरी जवळून पाहिलं तर तिच्यावर बारीक खाचांचं जाळं असतं आणि मळ बसतो तो खाचांत. कापड वरून घसरतं, ब्रशचे केस आत जातात. थोड्या वेळात पांढरा फेस मातकट होतो. तो वाळायच्या आत कोरड्या मायक्रोफायबरनं उचलून घ्या. उचलून म्हणजे फडकं टेकवून, दाबून, मग पुसून. मळ सगळीकडं पसरवायचा नाही.

पांढरं फडकं इथं कामाला येतं. त्यावर मातकट, तपकिरी, करडा रंग आला तर तो मळ आहे, चालू ठेवा. सीटचाच रंग फडक्यावर उतरायला लागला तर ताबडतोब थांबा. क्लीनर कडक आहे किंवा वरचा थर आधीच गेलेला आहे.

सगळ्यात जास्त वेळ ड्रायव्हरच्या सीटला द्या, त्यातही दाराकडच्या उंचवट्याला. चढता-उतरता मांडी आणि पँटचा खिसा रोज तिथंच घासतो. बहुतेक गाड्यांत पहिली चीर पडते ती इथंच. दुसरी जागा हेडरेस्ट. डोक्याला तेल लावून गाडीत बसणारी माणसं प्रत्येक घरात असतात, आणि ते तेल घामासोबत हेडरेस्टच्या थरात मुरत जातं. बोट लावलं की चिकट लागतं. एकदा ब्रश फिरवून भागत नाही. फेस लावा, पुसा, थोडं थांबा, पुन्हा लावा. तरीही चिकटपणा जात नसेल तर वरचा थर मऊ पडला आहे असं समजा आणि घासणं थांबवा.

शिलाईवर ब्रश दोऱ्याच्या दिशेनं चालवा, आडवा नाही. बारीक छिद्रांच्या सीटा असतील, विशेषतः खालून पंख्यानं हवा येणाऱ्या, तर फेस थोडा आणि फडक्यावरच घ्या. छिद्रांत गेलेलं क्लीनर वाळून पांढरे ठिपके होतात, आणि खाली फोम, वायरी, पंखा सगळं असतं. अशा सीटवर आधी कोरड्या ब्रशनं छिद्रं झाडून व्हॅक्यूम करा, निम्मं काम तिथंच होतं. सीटबेल्टच्या बक्कलमध्ये पाणी जाऊ देऊ नका.

प्रत्येक तुकड्यानंतर साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं एकदा फिरवा, म्हणजे उरलेलं क्लीनर निघतं. मग टेरी टॉवेल. सगळं झालं की दारं उघडी ठेवून अर्धा-पाऊण तास वाळू द्या, सावलीतच. हेअर ड्रायर नको, ऊन तर नकोच.

वाळल्यावर सीट कदाचित तुम्हाला फिकी वाटेल. चमक गेली असं वाटून पुष्कळ जण घाबरतात. ती चमक तेलाची आणि मळाची होती. नव्या सीटला मंद, मॅट तुकतुकी असते आणि सफाईनंतर तीच परत आलेली असते. घरातलं कुणी "पॉलिश राहिलं वाटतं" म्हणालं तर हसून सोडून द्या.

कंडिशनर: कमी, पातळ, आणि फक्त लेदरला

रंगाचा थर असलेल्या लेदरमध्ये कंडिशनर फार आत जात नाही. तो वरचा थर लवचीक ठेवतो, घर्षण कमी करतो आणि पुढच्या वेळी मळ सहज सुटेल अशी सोय करतो. एवढीच अपेक्षा ठेवली तर निराशा होत नाही. पाण्यावर आधारित, मॅट राहणारा कंडिशनर घ्या. एका बैठकीला दहा रुपयाच्या नाण्याएवढा पुरतो. स्पंजच्या चकतीवर घेऊन सगळीकडं सारखा पसरवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि कोरड्या फडक्यानं उरलेला पुसून घ्या. बोट फिरवल्यावर चिकट लागलं तर जास्त झालंय, आणखी पुसा. जास्तीचा कंडिशनर संध्याकाळपर्यंत हायवेची धूळ गोळा करून ठेवतो.

वर्षातून दोनदा पुरे. एकदा महाशिवरात्रीच्या आसपास, ऊन तापायच्या आत, आणि एकदा पाऊस संपल्यावर दिवाळीच्या सफाईत. लेदरेटला कंडिशनरऐवजी पाण्यावर आधारित, उन्हापासून संरक्षण देणारा, चमक न आणणारा विनाइल प्रोटेक्टंट (रेक्झिन-लेदरेटसाठीचा संरक्षक द्रव) लावा. तोही पातळच.

सफाईचं वेळापत्रक वेगळं. आठवड्याला ओलसर फडकं आणि लगेच कोरडं, पाच मिनिटांचं काम. ब्रश आणि फेस तीन महिन्यांतून एकदा. उन्हाळ्यात मात्र ड्रायव्हरच्या सीटला आणि हेडरेस्टला महिन्यातून एकदा फेस दाखवा, कारण घामातलं मीठ आणि तेल त्याच दिवसांत जास्त मुरतं.

आता खोबरेल तेल. ते थरातून आत जात नाही, वर राहतं, धूळ धरतं, पुढं खवट वास मारतं आणि पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर नकाशा काढतं. डॅशबोर्डचं सिलिकॉन पॉलिश सीटला घसरडं करतं, आणि ब्रेक दाबताना चालवणारा जागेवरून सरकणं चांगलं नाही. बुटाच्या पॉलिशबद्दल विचारणारेही भेटतात. सीटचा रंग पँटवर हवा असेल तर खुशाल लावा. कोरोनानंतर गाडीत कायम असणारं अल्कोहोलचं सॅनिटायझर हाताला लावून वाळू द्या आणि मगच स्टीअरिंग धरा, कारण वारंवार लागलं की ते वरचा थर खातं. मॅजिक स्पंज म्हणून मिळणारा पांढरा ठोकळा म्हणजे अतिबारीक पॉलिश पेपरच आहे, डाग जातो तो थरासकट जातो.

इथले डाग

तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर तिन्ही इतकी जवळ की महिन्यातून एखादी फेरी होतेच. परतताना गाडीत कुंकवाची पुडी, हळद, बुक्का, अंगारा. पुडी फुटली की पहिली प्रतिक्रिया असते ओला रुमाल. तेच करायचं नाही. कोरडी पूड पाण्याविना रंग सोडत नाही. गाडी थांबवा, मोठे ढीग कागदाच्या कडेनं उचला, उरलेलं फुंकून किंवा कोरड्या ब्रशनं खाली पाडा, घरी आल्यावर व्हॅक्यूम. अगदी शेवटी फेस. बाजारातल्या कुंकवात बरेचदा कृत्रिम रंग असतो आणि फिक्या बेज सीटवर तो ओला झाला की खाचांत बसतो. बुक्क्याचंही तेच, फक्त काळ्यात.

हळदीच्या डागाला साबण लावू नका, तो लाल होईल, कारण मघाशी बशीत पाहिलंच. फेसानं जेवढा जाईल तेवढा काढा आणि उरलेला पिवळा ठसा सोडून द्या. हळदीचा रंग उजेडात आपोआप फिका पडतो. सीटला मुद्दाम उन्हात ठेवायची गरज नाही, रोजच्या वापरातला उजेड पुरतो.

शेंगाचटणीचा डबा उपडा झाला तर चटणी चमच्यानं उचला आणि तेलावर टिश्यू पेपर नुसता दाबून धरा, घासू नका. कागद बदलत राहा. तेल येणं थांबलं की फेस. मावा-पानाच्या डागाला वेळ देऊ नका, ओला असतानाच पुसून फेस लावा. वाळल्यावर काताचा रंग फार हट्टी.

नव्या जीन्सचा निळा रंग फिक्या सीटवर उतरतो तो घामामुळे. ताजा असताना फेसानं निघतो. महिनाभर तसाच बसून राहिला तर तो थरात उतरतो, मग खास रंग काढणारं क्लीनर लागतं. बॉलपेनच्या रेघेवर नेलपॉलिश रिमूव्हर लावायचा सल्ला कुणीतरी देईलच. त्यातल्या ॲसिटोननं रेघ जाते आणि सीटचा रंगही विरघळतो, एका निळ्या रेघेच्या जागी पांढरा पट्टा राहतो. लेदरसाठीची शाई काढणारी कांडी मिळते ती वापरा, आणि तीही रेघेवरच फिरवा, आजूबाजूला नको.

ऊन आणि पाऊस

समोरच्या काचेला आतून लावायची चंदेरी घडीची शेड, यापेक्षा स्वस्त आणि उपयोगी वस्तू सीटांसाठी दुसरी नाही. रोज लावायचा कंटाळा येतो हे खरं, पण पुढच्या सीटांच्या बैठकीवर पडणारं ऊन त्यानं बरंच अडतं. शेड नसेल तर सीटवर टेरी टॉवेल टाका, दुपारी परत आल्यावर मांडीही भाजत नाही. नवा गडद रंगाचा टॉवेल किंवा चादर असेल तर आधी दोन-तीनदा धुवून घ्या, नाहीतर घामानं तिचाच रंग सीटवर येईल. काचांना काळी फिल्म लावून घेणं हा मार्ग नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालानंतर त्यावर दंड होतो हे सगळ्यांना माहीत आहे. झाडाखालची सावली उत्तम, फक्त काचा खाली ठेवून जाऊ नका, पक्षी आत आले नाहीत तरी त्यांचा प्रसाद येतो.

पाऊस आपल्याकडे कमी, पण सप्टेंबरमध्ये चांगला कोसळतो, आणि गाडी त्याच दिवसांत बंद उभी राहते. पायाखालची मॅट ओली असताना काचा घट्ट लावून आठवडाभर ठेवलेल्या गाडीत सीटवर पांढरी बुरशी दिसू शकते. गाडीत ती झटकू नका, सगळीकडं पसरते. दारं उघडून फेसाच्या फडक्यानं पुसा, ते फडकं लगेच बाजूला टाका, दुसरं घ्या. मग मॅट बाहेर काढून वाळवा आणि गाडी दारं उघडी ठेवून वाऱ्यावर राहू द्या. मॅटखालचं फोम ओलं राहिलं तर चार दिवसांनी बुरशी परत येते, म्हणून हात घालून बघा.

चीर पडली तर

कंडिशनर चीर बुजवत नाही, कितीही चोळा. फक्त रंगाच्या थराला केसासारख्या भेगा असतील तर लेदरचा रंग आणि फिलर लावून जाणकार माणूस त्या झाकू शकतो. लेदर आरपार फाटलं असेल किंवा पीयूचे पोपडे निघायला लागले असतील तर सीटचं काम करणाऱ्याकडं जा. तिथं पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, "मालक, अख्खा सेटच बदलून टाका की." घाई करू नका. फाटलेला फक्त एक तुकडा काढून त्याच रंगाचा नवा तुकडा शिवून देता येतो का, हे विचारा. बहुतेक वेळा देता येतो, कारण सीटचं कव्हर मुळातच तुकडे जोडून शिवलेलं असतं.

आणि नवीन कव्हर घालायचंच ठरलं तर सीटच्या बाहेरच्या कडेला 'एअरबॅग' लिहिलेली छोटी पट्टी आहे का ते आधी बघा. असेल तर त्या बाजूची शिलाई एअरबॅग उघडताना फाटेल अशी, खास त्यासाठी केलेली लागते. साध्या जाड दोऱ्यानं घट्ट शिवलेलं कव्हर तिथं चालत नाही. कारागिराला ही शिलाई ठाऊक नसेल तर ॲडव्हान्स देऊ नका.